गावात बसून परदेशी नोकरीची तयारी : ऑनलाइन करिअर कोच कसा निवडावा आणि त्याच्याकडून काम कसं करून घ्यावं

पुसद, मेहकर, वरोरा, देसाईगंज अशा गावांतून आता मुलंमुली जर्मनीतल्या, दुबईतल्या, इंग्लंडमधल्या कंपन्यांना थेट अर्ज करतात. कोणी इंजिनिअर, कोणी बी.एस्सी. नर्सिंग केलेली, कोणी आयटीआय करून चार वर्षं कारखान्यात राबलेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या अभ्यासिकेत मी त्यांचे सीव्ही वाचतो. तक्रार बहुतेकांची एकच असते : ढीगभर अर्ज केले, साधा नकारसुद्धा आला नाही. मग मोबाइलवर जाहिरात दिसते, ‘नव्वद दिवसांत परदेशी नोकरी, पर्सनल कोचिंग’. फी जाणार असते घरच्या सोयाबीनच्या पट्टीतून. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ऑनलाइन कोचिंगचा फायदा झालेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे ते सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. पण कोच नोकरी देत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तुम्ही केलेलं काम परक्या माणसाला कळेल असं मांडायला तो शिकवतो. तेवढ्यासाठीच पैसे द्यायचे, आणि तेही घरचा अभ्यास झाल्यावर.

कोचच्या आधी : दार उघडं आहे का ते बघा

ज्या देशात तुमची पदवी किंवा परवाना चालतच नाही, तिथे कितीही चांगला सीव्ही उपयोगाचा नाही. ही तपासणी फुकट होते आणि दोन-तीन संध्याकाळींत उरकते. तिच्यासाठी कोचचा महागडा तास खर्च करू नका.

जर्मनीचा विचार असेल तर ‘अनाबिन’ हा त्या सरकारचा डेटाबेस उघडा. त्यात आपलं विद्यापीठ शोधा : संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ, गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, जे असेल ते. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा आहे का ते पाहा. तेवढ्यावर थांबू नका, तुमची नेमकी पदवी कोणत्या दर्जाची धरली आहे तेही बघा. पदवी तिथे सापडली नाही तर तिचं मूल्यमापन अधिकृतपणे करून घेता येतं, पण त्याला वेळ लागतो. ‘मेक इट इन जर्मनी’ हे तिथल्या सरकारचंच संकेतस्थळ आहे आणि ते इंग्रजीतही आहे.

नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत जाऊन राहण्याची सोय १ जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ नावाने सुरू झाली. तिच्यासाठी मान्य पदवी किंवा किमान दोन वर्षांचं मान्य व्यावसायिक शिक्षण लागतं, शिवाय जर्मन ए-१ (अगदी सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी-२ (बऱ्यापैकी सफाईची पातळी). वय, अनुभव, भाषा वगैरेंचे मिळून किमान सहा गुण भरावे लागतात. राहण्याच्या खर्चाचे पैसेही दाखवावे लागतात. २०२५ साली ही रक्कम महिन्याला १,०९१ युरो होती, म्हणजे वर्षाचे तेरा हजार युरोंच्या वर. घरी शेत गहाण टाकायची भाषा सुरू होते ती याच आकड्यापाशी. म्हणून हा आकडा पहिल्याच दिवशी आईवडिलांसमोर ठेवा, व्हिसाच्या आदल्या महिन्यात नको.

इंग्लंडमध्ये परदेशी माणसाला फक्त परवानाधारक कंपनीच कामावर घेऊ शकते, आणि अशा कंपन्यांची यादी तिथलं सरकार सगळ्यांसाठी खुली ठेवतं. २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड झाला आणि बहुतेक कामांसाठी पदवीच्या पातळीची अट आली. केअर वर्कर म्हणून परदेशातून नवीन भरतीही त्याच दिवसापासून बंद झाली. तरीही ‘यूके केअर वर्कर, शंभर टक्के व्हिसा’ असे मेसेज गावच्या ग्रुपवर अजून फिरतात. नर्सिंगवाल्यांना तिथे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, म्हणजे आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, नंतर संगणकावरची परीक्षा, आणि शेवटी इंग्लंडमध्ये जाऊन द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा.

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांसाठी नव्या एच-१बी (तिथला कुशल नोकरदारांचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली, त्यामुळे गावातून थेट तिथे नोकरी मिळवण्याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायम राहण्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून गेले. ‘ऑफर लेटर घ्या, गुण वाढतील’ असं कोणी आजही सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे किंवा त्याची नियत खोटी आहे.

या तपासणीनंतर एका कागदावर एक देश, एक काम आणि फार तर एक पर्यायी देश लिहा. ‘कुठेही चालेल, काहीही करीन’ असं सांगणाऱ्याला कोचही काही मदत करू शकत नाही.

कोच, एजंट आणि व्हिसा सल्लागार यांची सरमिसळ नको

ही तीन माणसं वेगळी असतात आणि त्यांचे नियमही वेगळे.

परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यातच तशी अट आहे. ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी मिळते, बेकायदा एजंटांचीही मिळते. एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. कोणी तीन लाख मागत असेल तर पुढचं बोलणंच करू नका.

व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांवरही अनेक देशांत नियंत्रण आहे. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा तिथला वकील किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेचा परवानाधारक असावा लागतो, ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट असतात. दोन्हींच्या याद्या ऑनलाइन तपासता येतात.

कोचचं मात्र तसं नाही. करिअर कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही, कोणीही उद्या सकाळी पाटी लावू शकतो. त्यामुळे पारख करायची जबाबदारी आपल्यावर येते. आणि एकच माणूस कोचिंग, भरती, व्हिसा आणि कर्ज असं सगळं ‘पॅकेज’ विकत असेल तर तिथून उठावं, कारण त्याचा सल्ला तुमच्या सोयीचा की त्याच्या कमिशनचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

कोच कसा पारखायचा

इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ पासूनची संस्था कोच लोकांना तीन पातळ्यांची मान्यता देते : एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. पहिल्या पातळीला किमान शंभर तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, दुसरीला पाचशे, तिसरीला अडीच हजार. मान्यता असली म्हणजे त्याने प्रशिक्षण घेतलंय आणि तो आचारसंहितेला बांधलेला आहे, एवढं समजावं. पण त्याला तुमच्या क्षेत्रातली भरती कळते का, हे त्यातून कळत नाही. माझ्या पाहण्यात, ज्या माणसाने दहा-बारा वर्षं त्या देशात भरती केली किंवा तिथे तुमच्याच कामाची टीम सांभाळली, तो बिनाप्रमाणपत्राचाही उपयोगी पडतो. दोन्ही असेल तर सोन्याहून पिवळं.

बहुतेक जण पहिला पंधरा-वीस मिनिटांचा कॉल फुकट देतात. त्यात लाजू नका, हे प्रश्न विचारा :

– माझ्या क्षेत्रातल्या, भारतातून अर्ज करणाऱ्या किती जणांबरोबर तुम्ही काम केलंय? त्यांना अडचण कुठे आली?
– माझ्यासाठी हा देश चुकीचा वाटला तर तसं स्पष्ट सांगाल का?
– दोन सेशनमध्ये नेमकं काय हाती येईल?
– एकेक सेशन विकत घेता येतं का, की पॅकेजच घ्यावं लागतं?
– मध्येच थांबलो तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि हे लेखी द्याल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत जास्त कान देऊन ऐका. चांगला कोच त्यावर तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो. ज्याला गिऱ्हाईक हवंय तो म्हणतो, ‘तुमची प्रोफाइल एकदम स्ट्राँग आहे.’

फी एका सेशनला दीड-दोन हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत ऐकायला मिळते. आपल्या मुलांना माझा सल्ला असा : सुरुवातीला दोनच सेशन घ्या, त्यांचेच पैसे द्या, पावती घ्या. जीएसटी आकारला असेल तर पावतीवर त्यांचा जीएसटी क्रमांक असायला हवा. हप्त्यावर कर्ज काढून सहा महिन्यांचं पॅकेज घेऊ नका. ‘आजच भरा, उद्या फी वाढणार’ असं म्हणणाऱ्याला उद्याच भेटू म्हणावं. आणि आधार, पासपोर्टची प्रत, बँकेचा ओटीपी यांतलं काहीही कोचला लागत नाही.

कामाची वही

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आणि तो पूर्ण आपल्या हातात आहे. पहिल्या सेशनच्या आधी पंधरा दिवस एक वही घाला आणि त्यात आपण आजवर केलेलं काम बारकाईने लिहून काढा.

आपल्याकडची मुलं स्वतःच्या कामाबद्दल बोलताना फार हात आखडता घेतात. मोठेपणा सांगू नये, हा घरचा संस्कार. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मेंटेनन्स बघणाऱ्या मेकॅनिकल इंजिनिअरचं सेशन त्याच्या परवानगीने मी शेजारी बसून ऐकलं. कोच पुण्याची, जर्मनीत नोकरी करून आलेली. तिने विचारलं, “तुम्ही तिथे नेमकं काय करता?”

“काई नाई मॅडम, मशीन पायतो. बिघडली का दुरुस्त करतो.”

सीव्हीवरही तेच इंग्रजीत लिहिलेलं होतं. मग तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मशीन कोणत्या? डबल रोलर. किती? चोवीस. बिघडतं काय? रोलर झिजतो, चरे बुजतात, सुरीचं अंतर बदलतं, बेअरिंग जातं. रोलर झिजल्यावर काय होतं? रुईचं उत्पादन पडतं. मग तुम्ही काय केलं? यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, “मी एक रजिस्टर घातलं. कोणत्या मशीनचा रोलर कधी बदलला, व्यास किती उरला, ते लिहितो. म्हंजे मधातच बंद पडाच्या आधीच बदलता येते.” फरक पडला का? “पडला ना. सीझनमध्ये आधी हप्त्याला आठ-नऊ घंटे बंद रायची लाइन. आता चारच्या आसपास.”

हे त्याने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. जर्मन कारखान्यातला देखभाल प्रमुख हेच शोधत असतो : बिघाडाच्या आधी केलेली देखभाल, लिहून ठेवलेली नोंद, मोजलेला परिणाम. सीव्हीतली नवी ओळ अशी झाली : ‘२४ डबल रोलर जिनिंग मशीन आणि हायड्रॉलिक प्रेसची देखभाल, रोलरच्या झिजेची मशीनवार नोंद सुरू केली, हंगामात अचानक काम बंद राहण्याचा वेळ आठवड्याला ८-९ तासांवरून सुमारे ४ तासांवर आला.’ त्यात एकही शब्द खोटा नाही. कपाशीची जिनिंग जर्मनीत नसते, म्हणून तिने आणखी एक ओळ घालायला लावली : मशीनची गती, मोटरची ताकद, १७० किलोच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचा दाब, आणि रुईच्या धुळीमुळे असलेला आगीचा धोका कसा सांभाळला. परक्या उद्योगातल्या माणसालाही ते लगेच समजतं.

तुमच्या वहीत प्रत्येक कामाखाली चार गोष्टी हव्यात : आधी परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही स्वतः काय केलं, शेवटी काय बदललं. मुलाखतीतही उत्तर याच क्रमाने द्यायचं असतं. नर्स असाल तर वॉर्ड कोणता, खाटा किती, एका पाळीत किती रुग्ण, व्हेंटिलेटर हाताळला का, रात्रपाळीत एकटीने काय निभावलं ते लिहा. रुग्णाचं नाव मात्र कुठेही नको. नवीन पदवीधर असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट, घरच्या ठिबक सिंचनाची केलेली दुरुस्ती, बचत गटाचा हिशेब संगणकावर आणलेला असेल तर तो, हे सगळं धरा. आकडा आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, पण बनवून लिहू नका. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

सेशनची जुळवाजुळव

लाइन जाते हे गृहीत धरूनच वेळ ठरवा. लाइन गेली की वायफायही जातं, म्हणून मोबाइल पूर्ण चार्ज आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ हवीत. घरात कोणत्या कोपऱ्यात रेंज टिकते ते आदल्या दिवशी त्याच वेळेला बघा. पावसाळ्यात कडाडायला लागलं की टॉवर दम तोडतो. कोचला आधीच सांगून ठेवा की व्हिडिओ तुटला तर साध्या फोनवर बोलू. घरी लग्नसराईचा डीजे असेल, नाहीतर मे महिन्यात टिनाच्या खोलीत बसवत नसेल, तर तालुक्याच्या अभ्यासिकेत किंवा मित्राच्या दुकानामागे तासभर जागा मागा. कोणी नाही म्हणत नाही.

वेळेचं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. इंग्लंड साडेचार आणि साडेपाच. दुबई बारमाही दीड तास मागे. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुलाखती चुकतात.

सेशनमध्ये एकच प्रश्न घेऊन बसा. ‘मला मार्गदर्शन करा’ याने तास वाया जातो. ‘या पाच जाहिरातींना अर्ज केला, उत्तर आलं नाही, हा सीव्ही पाठवला होता, कुठे चुकतंय?’ याने तास कामी येतो. जाहिराती आणि सीव्ही दोन दिवस आधी पाठवा. इंग्रजी अडखळत असेल तर मराठी किंवा हिंदी जाणणारा कोच घ्यायला काहीच हरकत नाही : विचार मराठीत मोकळा करा, मग इंग्रजीत बसवा.

सीव्ही आणि लिंक्डइन

इंग्लंड, अमेरिका, कॅनडाच्या सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालं की नाही, वडिलांचं नाव, धर्म यांतलं काहीही नको. जर्मनीत फोटोची सक्ती नाही, पण अजूनही पुष्कळ जण लावतात. तिथे तक्त्यासारखा, तारखांत खंड न ठेवणारा सीव्ही आवडतो. मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी संगणकप्रणालीत जातो. रंगीत चौकटी, दोन रकाने आणि चित्रं काढून टाका, आणि जाहिरातीतले शब्द तुमच्या कामाला खरोखर लागू असतील तर तेच वापरा.

लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये, म्हणजे नावाखालच्या ओळीत, २२० अक्षरं मावतात. तिथे ‘नोकरीच्या शोधात’ एवढंच लिहून जागा घालवू नका. काम, मशीन किंवा तंत्र, अनुभवाची वर्षं आणि भाषेची पातळी लिहा.

अर्ज, आणि त्याहून जास्त ओळखी

रोज पन्नास अर्ज टाकण्यापेक्षा आठवड्याला पाच नीट अर्ज करा आणि प्रत्येक कंपनीतला एक माणूस शोधा. अमरावती, बडनेरा, शेगाव, सेवाग्राम, नागपूर इथल्या कॉलेजांतून शिकून बाहेर गेलेले लोक लिंक्डइनवर कॉलेजच्या नावाने सापडतात. त्यांना थेट नोकरी मागू नका. चार ओळींचा मेसेज पुरतो : ‘नमस्कार दादा, मी तुमच्याच कॉलेजचा, अमुक बॅचचा. सध्या वणीजवळ अमुक काम करतो. तुमच्या शहरात या कामासाठी जर्मन किती लागते, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं. दहा मिनिटं मिळतील का?’ बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज पाठवा आणि महिन्याभराने प्रगती कळवा. आपल्या भागातला माणूस म्हटल्यावर लोक आपुलकीने बोलतात. कोचकडून हा पहिला मेसेज तपासून घेणं, हा त्याच्या फीचा फार चांगला उपयोग आहे.

मुलाखतीचा सराव

एक सेशन फक्त मॉक इंटरव्ह्यूसाठी राखून ठेवा आणि परवानगी घेऊन ते रेकॉर्ड करा. ऐकताना तीन गोष्टी पकडा. ‘आम्ही केलं, आमच्या टीमने केलं’ किती वेळा आलं. तिथे तुमचा स्वतःचा वाटा विचारतात. प्रश्न कळला नाही तरी ‘येस सर’ म्हणालात का. त्याऐवजी ‘कृपया पुन्हा सांगाल का’ हे वाक्य पाठ करा, त्यात कमीपणा नाही. आणि बोलायचा वेग. घाबरलं की आपण सुसाट सुटतो. उच्चार वऱ्हाडी वळणाचे असले तरी चालतात. शब्द सुटे आणि स्पष्ट आले पाहिजेत.

ज्या मुलींना ‘लग्नाचं काय’ हा प्रश्न इथल्या मुलाखतींत सवयीने विचारला गेला आहे, त्यांनी कोचबरोबर त्यावरच्या उत्तराचाही सराव करावा. जर्मनी-इंग्लंडमध्ये तो प्रश्न विचारायला नको असतो. विचारलाच, तर शांतपणे कामाकडे वळता येतं.

ऑफर आली की

कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर शोधा आणि ऑफर खरी आहे का ते तिथेच विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही. इंग्लंडची ऑफर असेल तर परवानाधारकांच्या यादीत कंपनीचं नाव बघा. स्पॉन्सरशिपचा, म्हणजे परदेशी माणूस आणण्यासाठी कंपनीला येणारा, खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायला तिथे कंपनीला मनाई आहे. आखाती देशात कामाला जायचं तर टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर मुळीच निघू नका. दहावी पास असाल तर पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायच्या सरकारी परवानगीची, अट राहत नाही. नसाल तर ती सगळी प्रक्रिया ई-मायग्रेटवरून होते. थायलंड, म्यानमार, कंबोडियातल्या ‘डेटा एंट्री’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’च्या भल्या पगाराच्या ऑफरांपासून फार सावध राहा. अशा ऑफरांनी नेलेल्या भारतीय मुलांना कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. पैसे गेलेच तर लाजेपोटी घरात लपवू नका, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कागदपत्रांत आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर स्पेलिंग वेगळं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये. हे जुळवून घ्यायला महिने लागतात, म्हणून अर्ज सुरू केले त्याच आठवड्यात त्यालाही हात घाला.

करारात पगार हातात किती येणार, कामाचे तास, प्रोबेशन, राहण्याची सोय कोणाची, नोकरी सोडल्यास काही रक्कम भरावी लागते का, एवढं वाचा. परक्या भाषेतला करार असेल तर भाषांतर करून घेतल्याशिवाय सही नको. पगाराची बोलणी करायची असतील तर कोचचं एक शेवटचं सेशन इथे घ्या, ते वसूल होतं. आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामा व्हिसा प्रत्यक्ष मंजूर झाल्यावरच द्या. किती महिन्यांच्या नोटीसनंतर रुजू होता येईल, हे नव्या कंपनीला ऑफरच्या वेळीच लेखी कळवून ठेवा.